भेट की विसार? महाविद्यालयीन खेळाडू आणि आर्थिक सल्लागार

चंदीगडमध्ये सेक्टर १७ च्या जुन्या आंतरराज्य बसस्थानकासमोरचा रस्ता ओलांडला की सेक्टर २२ सुरू होतो. नियोजित शहरात अगदी आरंभी वसलेल्या सेक्टरांपैकी हा एक. शास्त्री मार्केट, परवडणारी हॉटेले आणि मोबाइल फोनच्या दुकानांची दाटी ही त्याची आजची ओळख होय. सेक्टर १६ चे क्रिकेट मैदान, सेक्टर १० मधील डीएव्ही महाविद्यालय आणि सेक्टर १४ मधील पंजाब विद्यापीठ ही सारी ठिकाणे येथून फार दूर नाहीत. कपिल देव आणि नीरज चोप्रा हे दोघेही या डीएव्ही महाविद्यालयाचे विद्यार्थी. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातील खेड्यापाड्यांतून खेळाच्या ओढीने चंदीगडला येणाऱ्या विद्यार्थ्याला खोली, खुराक, बूट आणि फोन यांची जुळवाजुळव अशाच परिसरात करावी लागते.

अशा विद्यार्थ्याच्या हातात एखाद्या परिचिताने, पुढेमागे त्याच्या पैशाची व्यवस्था पाहण्याची इच्छा असलेल्याने, महागडा फोन ठेवला तर त्याला काय म्हणावे? मराठीत व्यवहार पक्का करण्यासाठी आधी दिल्या जाणाऱ्या रकमेला विसार म्हणतात. विसार घेणाऱ्याला आपण काय विकत आहोत हे ठाऊक असते. खेळाडूला मिळणाऱ्या भेटीत नेमकी हीच जाणीव नसते आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्र या प्रश्नाशी चार दशकांहून अधिक काळ झगडत आहे. भारतीय उपखंडात तो प्रामुख्याने क्रिकेटच्या निमित्ताने पुढे आला.

एका फोनची किंमत

भेट म्हणून मिळालेला फोन ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु बांगलादेशचा अष्टपैलू खेळाडू नासिर हुसेन याला ती चांगलीच महागात पडली. अबुधाबी येथील २०२१ च्या टी-१० स्पर्धेत तो पुणे डेव्हिल्स या संघाकडून खेळला होता. पुण्याचे नाव असलेला हा संघ पुण्यात मात्र कधी खेळला नाही. भेट मिळालेल्या आयफोन १२ ची माहिती भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्यांना न दिल्याचा आरोप आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्यावर ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये या व अन्य आरोपांची कबुली दिल्यानंतर त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. त्यातील सहा महिने स्थगित ठेवण्यात आले.

परिषदेचा यासंबंधीचा नियम बारकाईने पाहण्याजोगा आहे. ७५० अमेरिकी डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची भेट अथवा आदरातिथ्य देऊ करण्यात आले, तर खेळाडूने ते कळवलेच पाहिजे. देणाऱ्याचा हेतू वाईट होता की नव्हता, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. जवळचे मित्र व नातेवाईक यांनी दिलेल्या वैयक्तिक भेटींना यातून सूट आहे. हेतू सिद्ध करणे कठीण असते, वस्तूची किंमत सिद्ध करणे सोपे असते, हे ओळखून केलेला हा नियम आहे. झिंबाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक याला एप्रिल २०२१ मध्ये आठ वर्षांची बंदी झाली, त्या प्रकरणातही दोन बिटकॉइन आणि पत्नीसाठी घेतलेला आयफोन यांचा उल्लेख होता. त्याच देशाच्या ब्रेंडन टेलर याने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले की, प्रायोजकत्वाची चर्चा करण्याच्या निमित्ताने एका भारतीय व्यावसायिकाने आपल्याला २०१९ मध्ये बोलावले आणि येण्याबद्दल १५ हजार डॉलर देऊ केले. पुढे त्याच्यावर साडेतीन वर्षांची बंदी आली.

ही सारी नामवंत आणि कमावत्या खेळाडूंची उदाहरणे झाली. ज्याची कमाई अद्याप सुरूच झालेली नाही, पण लवकरच प्रचंड प्रमाणात सुरू होण्याची शक्यता आहे, अशा विद्यार्थ्याची स्थिती अधिक नाजूक असते.

सल्लागाराचे गणित

अमेरिकेत फुटबॉल आणि बास्केटबॉल या खेळांतील व्यावसायिक संघ प्रामुख्याने विद्यापीठांच्या संघांतूनच खेळाडू निवडतात. अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. हातात चेंडू घेऊन धावण्याचा तो स्वतंत्र खेळ आहे. विद्यापीठीय सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात, दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांतून अब्जावधी डॉलर मिळतात आणि प्रशिक्षकांना कोट्यवधींची वेतने दिली जातात. मात्र १९०६ पासून कार्यरत असलेल्या एनसीएए या देशव्यापी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमांनुसार खेळाडू विद्यार्थ्याला हौशी मानले जाई. शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन एवढेच त्याला अधिकृतपणे मिळू शकत असे. दलालाशी करार करणे किंवा त्याच्याकडून काहीही स्वीकारणे निषिद्ध होते.

अशा विद्यार्थ्याला गाठण्यात आर्थिक सल्लागाराचा कोणता लाभ असतो, हे एका साध्या हिशेबावरून कळते. गुंतवणुकीची व्यवस्था पाहणारा सल्लागार सामान्यतः रकमेच्या सुमारे एक टक्का इतके शुल्क दरवर्षी घेतो. एखाद्या खेळाडूच्या एक कोटी डॉलरची व्यवस्था त्याच्याकडे आली, तर वर्षाला एक लाख डॉलर झाले. त्याच खेळाडूला विद्यार्थिदशेत दरमहा दोन हजार डॉलर याप्रमाणे दोन वर्षे हातखर्च दिला, तर एकूण खर्च ४८ हजार डॉलर. सहा महिन्यांत तो भरून निघतो. दहा विद्यार्थ्यांपैकी एकच यशस्वी झाला तरी काही वर्षांत सल्लागाराचे नुकसान होत नाही आणि सल्लागार अप्रामाणिक असेल तर शुल्काची वाट पाहण्याचेही कारण उरत नाही. मोठी रक्कमच त्याच्या हाती असते.

या गणितातील दुसरा भाग भावनेचा आहे. घरची परिस्थिती बेताची असताना ज्याने आईच्या औषधाला किंवा घरभाड्याला पैसे दिले, त्याच्याकडे पुढे हिशेब मागायचा कसा? उपकाराखाली दबलेला माणूस प्रश्न विचारत नाही. भेट देणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

पिट्सबर्गचा साक्षीदार

पिट्सबर्ग येथील आर्थिक सल्लागार लुई मार्टिन ब्लेझर याचे प्रकरण या व्यवहाराचा नमुना म्हणून पाहता येईल. २००० ते २०१४ या काळात आपण अनेक विद्यापीठांतील फुटबॉलपटूंना पैसे पुरवले, असे त्याने पुढे न्यायालयात मान्य केले. कोणाला दरमहा काही शे डॉलर, तर कोणाला काही हजार. व्यावसायिक झाल्यावर त्यांनी आपल्याला सल्लागार नेमावे, एवढीच अपेक्षा होती.

प्रकरण उघडकीस आले ते मात्र या भेटींमुळे नव्हे. खेळाडू असलेल्या अशिलांचे पैसे त्यांच्या परवानगीवाचून चित्रपटनिर्मितीत गुंतवल्याचा ठपका अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने मे २०१६ मध्ये त्याच्यावर ठेवला. पाच अशिलांच्या खात्यांतून सुमारे २३ लाख ५० हजार डॉलर काढण्यात आल्याचे आयोगाचे म्हणणे होते. एका अशिलाने जाब विचारल्यावर त्याला परतफेड करण्यासाठी दुसऱ्याच्या खात्यातून रक्कम उचलण्यात आली. विद्यार्थिदशेतील भेट आणि नंतरची अफरातफर ही एकाच माणसाची दोन कामे असू शकतात, हे यावरून दिसते.

ब्लेझर २०१४ पासूनच तपासयंत्रणांना साहाय्य करू लागला होता. शिक्षा सौम्य व्हावी या आशेने त्याने गुप्तपणे संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि त्यातून अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सर्वांत गाजलेले प्रकरण उभे राहिले. २६ सप्टेंबर २०१७ रोजी दहा जणांना अटक झाली. त्यांत चार विद्यापीठांचे साहाय्यक प्रशिक्षक होते. ऑबर्न विद्यापीठाचे चक पर्सन हे स्वतः एकेकाळचे नामांकित व्यावसायिक खेळाडू. आपल्या खेळाडूंना ब्लेझरकडे वळवण्यासाठी त्यांनी सुमारे ९१ हजार ५०० डॉलर स्वीकारल्याचा आरोप होता. अन्य दोघांवरील आरोपांतील रकमा २० हजार डॉलरच्या आसपास होत्या. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन कॅपिटल या संस्थेचा आर्थिक सल्लागार मुनिश सूद हाही आरोपींपैकी एक. त्याने गुन्हा कबूल करून सरकारपक्षातर्फे साक्ष दिली.

सल्लागारांच्या व्यवहारातील हा बदल लक्षणीय म्हटला पाहिजे. आता पैसे थेट विद्यार्थ्याला न देता त्याच्या गुरूला देण्यात येत होते. विद्यार्थी बदलत राहतात, प्रशिक्षक मात्र वर्षानुवर्षे तेथेच असतो आणि त्याचा शब्द मुलाच्या व आईवडिलांच्या लेखी प्रमाण असतो. फोन किंवा रोकड घेणाऱ्या मुलाला निदान काही हाती लागत असे. येथे त्याचा विश्वास परस्पर विकला जात होता आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती.

पर्सन यांनी मार्च २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. त्यांना कारावास झाला नाही. समाजसेवेचे तास आणि परिविक्षा यांवर निभावले. दोन प्रशिक्षकांना प्रत्येकी तीन महिन्यांची कैद झाली. खुद्द ब्लेझरला फेब्रुवारी २०२० मध्ये एक वर्षाच्या परिविक्षेची शिक्षा सुनावण्यात आली.

दंड कोणाला?

एनसीएएचा अधिकार विद्यापीठांवर आणि विद्यार्थ्यांवर चालतो. बाहेरच्या दलालावर किंवा सल्लागारावर चालत नाही. त्यामुळे दंडाचा बोजा दीर्घकाळ घेणाऱ्याच्याच माथी पडत आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रेजी बुश हे याचे ठळक उदाहरण. खेळाडूंचे व्यवस्थापन करणारी संस्था काढू पाहणाऱ्या दोघांनी त्याला आणि त्याच्या कुटुंबाला पैसे, प्रवास आणि राहण्यास घर पुरवल्याचा निष्कर्ष संघटनेने जून २०१० मध्ये काढला. विद्यापीठावर हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांत खेळण्यास दोन वर्षांची बंदी आली आणि ३० शिष्यवृत्त्या कमी करण्यात आल्या. २००५ चा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळालेला हाइसमन चषक बुशने परत केला. बंदीचा फटका बसलेले बहुतेक विद्यार्थी त्या वेळी शाळेत होते. चषक बुशला एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा देण्यात आला.

देणाऱ्याला कायद्याच्या कक्षेत आणण्याचे प्रयत्न झाले, पण सावकाशीने. १९८० च्या दशकात नॉर्बी वॉल्टर्स आणि लॉइड ब्लूम या दलालांनी अनेक विद्यार्थी खेळाडूंना रोकड व मोटारी देऊन त्यांच्याशी गुप्त करार केले होते. १९८९ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले. परंतु वरिष्ठ न्यायालयात तो निकाल टिकला नाही. २००० मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि सप्टेंबर २००४ मध्ये संघराज्याने खेळाडूंच्या दलालांविषयी कायदा केला. विद्यार्थ्याला करारासाठी प्रलोभन म्हणून मौल्यवान वस्तू देणे त्याने निषिद्ध ठरवले. या कायद्यांचा रोख दलालावर होता. मी करार मिळवून देत नाही, केवळ गुंतवणुकीविषयी सल्ला देतो, असे म्हणणाऱ्याला पळवाट मोकळी होती. नमुना कायद्याच्या २०१५ च्या सुधारित आवृत्तीत आर्थिक बाबींत सल्ला देणाऱ्याचाही दलालाच्या व्याख्येत समावेश करण्यात आला. पंधरा वर्षे लागली.

दरम्यान हानी होतच होती. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने दिलेल्या माहितीनुसार १९९९ ते २००२ या काळात किमान ७८ खेळाडूंची मिळून चार कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम अशा सल्लागारांच्या हाती बुडाली. फ्लोरिडा विद्यापीठाच्या खेळाडूंना विद्यार्थिदशेत पैसे पुरवणारा विल्यम ‘टँक’ ब्लॅक हा दलाल पुढे त्याच अशिलांना फसवल्याबद्दल २००२ मध्ये दोषी ठरला. तो एकेकाळी साउथ कॅरोलायना विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक होता.

भारतातील स्थिती

भारतात महाविद्यालयीन खेळाभोवती एवढा पैसा कधीच नव्हता. विद्यापीठाकडून शुल्कमाफी, वसतिगृह, स्पर्धेच्या काळातील भोजनभत्ता आणि पुढे क्रीडा कोट्यातील नोकरीची आशा, एवढेच खेळाडू विद्यार्थ्याचे पारंपरिक उत्पन्न. चित्र अलीकडे काहीसे पालटले आहे. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला सहा लाख २८ हजार रुपयांची तरतूद असते आणि त्यातील दरमहा दहा हजार रुपये हातखर्च म्हणून मिळतात. याच योजनेखाली २०२० मध्ये ओडिशात पहिल्या विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा चंदीगडचे पंजाब विद्यापीठ पहिले आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे आले होते.

खरी उडी आहे ती क्रिकेटमध्ये. महाविद्यालयात शिकण्याच्या वयाचा मुलगा लिलावाच्या एका दुपारी कोट्यधीश होऊ शकतो. इंडियन प्रीमियर लीगच्या आरंभीच्या वर्षांत मात्र भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंना लिलावात स्थान नव्हते. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील अनुभवानुसार त्यांना दहा, वीस किंवा तीस लाख रुपये एवढेच देता येत. चांगल्या खेळाडूला याहून अधिक मोल आहे हे संघमालक जाणून होते आणि खेळाडूही. मे २०१२ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या चित्रीकरणातून जे संभाषण दाखवले, त्याला ही पार्श्वभूमी होती. पुणे वॉरियर्स आणि चंदीगडच्या शेजारी मोहालीत खेळणारा किंग्ज इलेव्हन पंजाब या संघांतील खेळाडू त्यात होते. मर्यादेबाहेरची रक्कम रोखीने मिळत असल्याचे बोलणेही त्यात होते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने पाच जणांवर कारवाई केली. पैसे स्वीकारल्याचा ठपका ज्याच्यावर होता, त्या एकाला आजन्म बंदी आणि दुसऱ्याला पाच वर्षांची बंदी झाली. उरलेल्या तिघांना बेताल व निराधार बढाया मारल्याबद्दल एक वर्ष बाहेर ठेवण्यात आले. बढाया निराधार ठरल्या, तरी मर्यादेचा नियम टिकला नाही. २०१४ पासून या खेळाडूंनाही लिलावात घेण्यात येऊ लागले.

आर्थिक सल्लागारासंबंधी भारतातील नियम स्वतंत्र आहेत. शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने सेबीच्या २०१३ च्या नियमावलीनुसार नोंदणी केलेली असावी लागते आणि अशिलाचे हित स्वतःच्या हितापुढे ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. नोंदणीकृत सल्लागारांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. क्रीडा प्रबोधिनीतून किंवा वसतिगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला ही यादी दाखवणारा कोणी असतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

कोल्हापूरचे सात हजार रुपये

खेळाडूला पैसे देणे मुळातच गैर, असे महाराष्ट्राची क्रीडापरंपरा मानत नाही. तालमीतील पोरांच्या खुराकाचा भार उचलणारे आश्रयदाते गावोगाव होते. कुस्तीच्या फडात जिंकलेल्या मल्लाच्या हाती हजारो लोकांसमक्ष इनाम पडते आणि महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेऊनच मिरवली जाते. येथे देणारा, घेणारा आणि रक्कम हे तिन्ही सर्वांना ठाऊक असतात.

या दृष्टीने खाशाबा जाधव यांची हकिकत पुन्हा वाचण्याजोगी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना साहाय्य केले होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैसे जमेनात. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते पैसे फेडले. प्राचार्यांनी जोखीम स्वतःच्या घरावर घेतली होती, खाशाबांच्या पुढील कमाईवर नव्हे. ब्लेझरच्या दरमहा पाकिटात नेमके याच्या उलट होते.

बंदी उठल्यानंतर

अमेरिकेतील हौशीपणाचा नियम आता बव्हंशी इतिहासजमा झाला आहे. २१ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात एकमताने निर्णय दिला. त्यानंतर १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देण्याबद्दल उघडपणे मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यानुसार विद्यापीठे आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरवण्यात आली. ज्या व्यवहारांसाठी रेजी बुशचा चषक गेला, त्यांपैकी बरेचसे आज करारपत्रावर उजळ माथ्याने होतात.

त्यामुळे आडमार्गाने भेट देण्याची गरज कमी झाली. तरुण खेळाडूच्या भावी कमाईवर नजर ठेवणारे मात्र कमी झाले नाहीत. त्यांचे साधन बदलले. फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू जर्व्हॉन डेक्स्टर याने २०२२ मध्ये बिग लीग ॲडव्हान्स या कंपनीकडून चार लाख ३६ हजार ४८५ डॉलर घेतले आणि त्या बदल्यात व्यावसायिक कारकिर्दीतील करपूर्व उत्पन्नाचा १५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी लिहून दिला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने हा करार अवैध ठरवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. याच कंपनीविरुद्ध जून २०२५ मध्ये बेसबॉलपटू फर्नांडो टाटिस धाकटा यानेही दावा दाखल केला. किशोरवयात त्याने घेतलेली रक्कम २० लाख डॉलर होती आणि लिहून दिलेला हिस्सा दहा टक्के. २०२१ मध्ये त्याला ३४ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या हिशेबाने कंपनीचे येणे तीन कोटी ४० लाख डॉलरपर्यंत जाते.